पाव सेकंद

नाही नाही, त्या फळीवर नको! — ती हो, ती दाराजवळची, तीच सगळ्यात वाईट — भिंतीच्या कडेकडेनं या, असे, मांजरासारखे — आणि हत्यारांची पिशवी टेकवताना जरा हळू. टेकवली? बरं. रागावू नका काका, पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकावर मी असाच ओरडतो. तुम्ही विचारलंत ना, जिन्यात लाल दिवा कशाला — तो ह्यांच्यासाठी, फोटो काढणं चालू असलं की लावतो. हे टेबल, हा कॅमेरा, आणि हा म्हातारा. हात नका लावू, नुसतं बघा. वीतभर उंच आहे, आत तारेचा सांगाडा, वरून कापूस आणि माझ्याच जुन्या कोटाचं कापड. तीन दिवस झाले, तो त्या समोरच्या छोट्या दारावर टकटक करायला हात उचलतोय. तीन दिवस! हात केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. हसा, हसा. माझे सासरे तर दर भेटीला विचारतात, 'काय जावईबापू, भातुकली आटोपली का?'

तर कडी. आतून लावायची की बाहेरून? सांगतो, सांगतो. ती पेन्सिलची खूण ना — ती सोडा. ती माझी नाही. आधी हे बघा, इथे ही चार भोकं, लांबी भरून बुजवलेली — बरोबर ओळखलंत, होतीच कडी. मीच काढली. आम्ही ह्या घरात राहायला आलो त्याच दिवशी, सामानाचे खोके उघडायच्या आधी, स्क्रू-ड्रायव्हर शोधून पहिलं काम ते केलं. का म्हणजे? तत्त्व म्हणून! बायको म्हणाली, 'अरे आधी गॅस जोडायला माणूस बोलाव, मग तत्त्वं जोड' — पण नाही. आमचे कॉलेजातले एक सर होते, चित्रकार, हात असा की बघत राहावं, आणि त्यांच्या स्टुडिओला आतून दोन कड्या. दोन! आणि त्यांचा मुलगा बाहेर पायरीवर बसून गृहपाठ करायचा. आम्ही विद्यार्थी आत-बाहेर करताना त्याला ओलांडून जायचो, काका. ओलांडून. तो मान वरसुद्धा करायचा नाही, वही जरा आवरून घ्यायचा. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या दाराला कडी नसणार. घर एकीकडे आणि कला दुसरीकडे, आणि आपण मधे काटा धरून उभे — 'तोल सांभाळ, तोल सांभाळ' — जो येतो तो हेच सांगतो. तोल म्हणजे काय? बटाटे मोजतोय का आपण? एकाच घरात, उघड्या दारानं, सगळं एकत्र झालं पाहिजे, असं मला वाटायचं. वाटायचं काय, अजून वाटतं.

फक्त ह्या फळ्या. घर घेताना फळ्यांचा विचार कोण करतं? लाकडी जमीन म्हणून आम्ही दोघं खूश झालो होतो. पण तिकडच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी इथे कॅमेरा शहारतो. डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर दिसतं — म्हाताऱ्याच्या घरात भूकंप. मग काय केलं? सोपं. मी इथून ओरडायचं, 'थांबा!' — की घरात जो जिथे असेल तो तिथे थांबणार. मी फोटो काढणार, मग 'चला!' — की पुन्हा सगळं सुरू. मुलं स्टॅच्यू खेळतात ना, तसं. बायको तोंडात ब्रश धरून उभी, फेस हनुवटीवर. सासरे एकदा असेच सापडले, कप ओठाला लावलेला — त्यांनी तशातच घोट घेतला आणि वर म्हणतात, 'मी कुठे हललो, चहा हलला.' इतके हसलो होतो आम्ही! पहिले काही महिने खरंच मजा होती, खोटं नाही सांगत. दार उघडं, सगळे कामात सामील, आणि मी मनात म्हणत होतो, बघा सर, असं करायचं असतं.

आणि सगळ्यात पटाईत कोण, तर आमची पोरगी. सहा वर्षांची आहे. एक पाय हवेत, डोळ्यांची उघडझाप नाही, पुतळाच. तिला घरात धडाम म्हणायचे — चालायला लागली तीच मुळी धावत आणि आपटत, दारं, डबे, स्वतः, सगळं धडाम. आता कोणी म्हणत नाही. का बरं — कधी बंद झालं कोण जाणे. ती आता जिन्याची तिसरी पायरी गाळते, कारण ती वाजते, आणि ही दाराजवळची फळी ओलांडून येते, आणि आधी दिवा बघते. लाल असला की उंबऱ्यापाशी उभी. शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, 'फार शहाणी आहे हो तुमची मुलगी, वर्गात असते की नसते कळतसुद्धा नाही.' आणि मी — मी घरी येऊन बायकोला हे कौतुकानं सांगितलं. ती भांडी घासत होती, एक पातेलं तिनं दोनदा घासलं.

टेप आणलीय? मोजा ना, मोजा, मी बोलत असलो तरी तुमचं चालू द्या. फक्त ड्रिल नका लावू, हातानं पिळा स्क्रू. मला सहा दिवस आहेत. सहा दिवस आणि चाळीस सेकंद — म्हणजे दिवस सहा उरलेत आणि फिल्म चाळीस सेकंदांची उरलीय. बायकोचं आणि माझं ठरलंय, एक वर्ष. ती प्रयोगशाळेत जाणार, मी घर, पोरगी आणि फिल्म बघणार, वर्षानंतर मी शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागणार. पत्र आलंय शाळेचं, एक तारखेला हजर व्हा. आणि ती काही दुष्ट बाई नाही हो, तसं समजू नका. माझ्यापेक्षा जास्त वेळा तिनंच ही फिल्म बघितलीय. परवा सकाळी म्हणाली, 'तुझा म्हातारा दारापर्यंत पोचेस्तोवर आपली पोरगी लग्नाला येईल.' हसतच म्हणाली. मी चिडलो. सहा दिवसांत संपली नाही तर पुन्हा कधी संपणार नाही, हे मला माहीत आहे — शाळेतून येऊन केसभर हात हलवायचा? शक्य नाही. अकरा मिनिटांची फिल्म आहे काका, दहा मिनिटं वीस सेकंद झालीत. त्या म्हाताऱ्यानं त्या दारावर एकदा टकटक करायला हवं. बस. एवढंच. ह्यात काय जास्त मागतोय मी?

म्हणून कडी. दार बंद, प्रश्न मिटला.

तुमची मुलं? दोन का? मोठी झाली असतील. लहान असताना — हो? तुमच्या रंध्याखाली, भुशात? अरे वा. छान. म्हणजे तुम्ही ठोकताय आणि ती तिथेच लोळतायत — हां, तुमच्या कामात आवाज चालतो. चालतो काय, बाप कुठे आहे ते ठोकण्यावरून कळतं पोरांना. माझ्या कामात — असू दे.

हो, दिसली ना खूण अजून? पुसली नाही मी. हां, बाहेरच्याच बाजूला आहे, आणि इतकी खाली. तुमच्या कमरेला लागते ना? तिच्या नाकाला लागते. तिनंच केलीय, काल. मी इथे बसलो होतो, ती पट्टी आणि पेन्सिल घेऊन आली, दिव्याकडे बघितलं — बंद होता — आणि म्हणाली, 'बाबा, दाराला कडी लाव ना.' मी म्हटलं का गं. तर म्हणे, 'इथे लाव, बाहेरून. मी लावत जाईन. मग मला सारखं लक्षात ठेवायला नको.' सारखं लक्षात ठेवायला! मी म्हटलं, अगं, आणि मला बाहेर यायचं झालं तर? म्हणाली, 'हाक मार. मी लगेच येईन.'

लगेच येईन.

नाही, काही नाही. पाणी नको मला. तुम्ही घ्या.

परवाची गोष्ट आहे. शाळेला सुट्टी होती, ती पलीकडच्या खोलीत आईच्या कपाटाचा खालचा खण लावत होती. जड आहे तो, तुम्ही बघितलाय वर येताना, ते काळं कपाट. ती पाठीनं ढकलून लावते. आणि मी इथून ओरडलो, 'थांबा!' खण लागतच आला होता आणि तिचं बोट — हे, करंगळीशेजारचं — फटीत होतं. आणि 'थांबा' म्हटल्यावर ती थांबली. खण उघडला तर फळ्या हलणार ना. तशीच पाठ टेकून उभी राहिली. रडली नाही. हाक मारली नाही. बायकोला मी काय सांगितलं, तर खणात बोट सापडलं. खरंच आहे की ते. सापडलं बोट. मुलांची सापडतात. नख काळंनिळं झालंय, पडेल आणि नवीन येईल.

पण काका, दार उघडं होतं. इथे कडी नव्हती ना — मी काढली होती ना, तत्त्व म्हणून. मला ऐकू आलं. खण खट्‌ झाल्याचं आलं आणि त्यामागून — ह्ं — असा, श्वास आत घेतल्याचा. एवढाच. आणि मला कळलं. काय झालं ते नाही कळलं, पण काहीतरी झालं हे कळलं. एरवी मी प्रत्येक फोटोनंतर 'चला' म्हणतो. त्या दिवशी म्हणालो नाही. हात बरोबर मधे होता, म्हाताऱ्याचा, खांदा आणि कोपर एकदम जमले होते, असं महिन्यातून एकदा जमतं — मी मनात म्हटलं, एक घेतो. मग म्हटलं अजून एक. तीन घेतले. तीन फोटो. नऊ मिनिटं लागली. तीन फोटो म्हणजे पडद्यावर किती होतात? पाव सेकंद. आणि कोणी म्हणेल की अर्धवट सोडलं असतं तर बिघडलं असतं, तर तसंही नाही, तो उभाच राहतो हो, अख्खा दिवस राहतो तसाच हात वर करून, त्याला कुठे काय दुखतंय!

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगतोय देव जाणे. तुम्ही नुसते टेप धरून उभे राहिलात म्हणून. 

बाकी सर बरे म्हणायचे, काका. त्यांचं दार बंद तर बंद. तो पोरगा बाहेर असला तरी पायरीवर पाय तरी हलवत असेल, नाक तरी शिंकरत असेल. मी दार उघडं ठेवलं आणि अख्ख्या घराला कडी घातली, आणि ती सांभाळायला दिली कोणाला तर सहा वर्षांच्या —

किती वाजले? साडेतीन? शाळेची गाडी येऊन गेली का खाली? मग आली असेल. काय ऐकू आलं तुम्हाला? काही नाही ना. तेच तर. काही ऐकू आलं नाही म्हणजेच ती आली. जिन्यात असेल. दिवा — दिवा चालूच राहिला माझा. उभी असेल तिथेच, दप्तर पाठीवर, तिसऱ्या पायरीच्या वर.

ऐका, लवकर ऐका. कडी लावायची, पण त्या खुणेवर नाही. आतून, आणि इथे, माझ्या छातीशी. लावणार मी, काढणार मी, काय लक्षात ठेवायचं ते मी ठेवीन. बाहेर तिला जे काय आपटायचं ते आपटू दे, फळ्या हलल्या तर मी थांबेन. आणि हातानं नका पिळत बसू, ड्रिल काढा. हो, आत्ता. पडेल ना म्हातारा, माहीत आहे, कॅमेराही हलेल, तीन दिवस गेले. उद्यापासून पुन्हा हात उचलेल, तेच काम आहे त्याचं. आणि माझं. सहाच्या जागी — बघू. बघतो मी.

थांबा, त्याच्या आधी — नाही, 'थांबा' नाही, तुम्ही हला हो काका, मी तसं नाही म्हटलं! — धडाम! ए धडाम, वर ये! दिवा चुकून राहिलाय गं! चला! 'चला' म्हणतोय ना मी — बघा. नाही येत. फोटोचा आवाज आल्याशिवाय तिला खरं वाटत नाही.

काका, ती फळी. मघाशी मी ओरडलो ना तुमच्यावर, ती, दाराजवळची. तिच्यावर पाय द्या. द्या हो. असा नाही, मांजरासारखा नाही — आपटा. तिला ऐकू जाऊ दे.

अजून एकदा.