सरलावहिनींनी घर सोडलं

अहो भिया, दोन महिन्यांपूर्वी भाजीच्या गाडीवर कानावर पडलं, "वो सरलाबाई तो घर छोड़के..." आणि बोलणारी पुढे निघूनच गेली! मला चैन कुठलं? वाटीभर श्रीखंड घेऊन थेट त्यांच्या घरी. खाली त्यांचे मिस्टर भाऊसाहेब एकटेच, टीव्ही ठणाणा लावलेला. "वहिनी कुठे?" विचारलं, तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. मला वाटलं, देवाघरीच गेल्या की काय!

चौदा पायऱ्या चढून माळ्यावर गेले, तर वहिनी पत्र्याखाली उदयनगरहून आणलेल्या बांबूच्या चटया ठोकत होत्या.

"पत्र्यावर चुना, चटयांवर पेंढा, दाराला वाळ्याचा पडदा. थंडीत पडद्याच्या जागी गोधडी. तीस वर्षं त्या टीव्हीपायी धड पोथी वाचता आली नाही. आता बारा महिने इथेच!"

"मे महिन्यात भाजून निघाल, वहिनी!"

"बघाच तुम्ही."

काल ऐन मे महिन्यात जाऊन पाहिलं. बाहेर लूचा भाजणारा वारा, आत छान गारवा. तेवढ्यात दारात भाऊसाहेब, काखेत उशी, हातात छोटा रेडिओ.

"खाली फार उकडतंय."

पोथीतून मान वर न करता वहिनी म्हणाल्या, "या. रेडिओ खाली ठेवून या."

तर भिया, घर सोडलंय हे खरं. पण चौदा पायऱ्यांपुरतंच, आणि आता नवऱ्यासकट!