रबरी ऑक्टोपस

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक शिंपी आणि एक पोस्टमन बसले होते. त्यांचा दोस्त, मास्तर, आत होता.

"शिंपीबुवा, डॉक्टरांनी काय विचारलं?"

"पडल्यापासून किती वेळानं उचललं, ते. मी म्हटलं, पाच मिनिटं."

"पाच? अहो, पिक्चरमधल्या त्या रबरी ऑक्टोपसनं पाणबुड्याचा गळा धरला तेव्हा हा पडला. पुढे बोट बुडाली, लष्कर आलं, ऑक्टोपस मेला, हिरोचं लग्नसुद्धा लागलं!"

"मला काय ठाऊक? दर रविवारचंच नाटक त्याचं. पडद्यावर कुणी मेलं की हा छाती धरून सतरंजीवर आडवा. आपण त्या मरण्याला मार्क द्यायचे, मग यानं उठून चहा टाकायचा."

"या वेळी उठला नाही."

"मला वाटलं, मार्कांसाठी ताणतोय. चारच्या वर मी त्याला कधी दिलेच नव्हते ना."

"त्यानं तुमच्याकडे हात केला होता. मी पाहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"हसत होतो मी."

"आता काय करायचं?"

"आत जाऊन डॉक्टरांना खरी वेळ सांगा, बुवा."

"सांगतो. पण त्या बघ, वहिनी आल्या. शुद्ध जाण्याआधी काही बोलला का, विचारतील."

"बोलला की. 'बुवा, धरा मला' म्हणाला."

"आणि मी काय म्हणालो, ते विचारलं तर?"

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात. म्हणालात, दहापैकी दहा."