एक्केचाळीस स्थळं आणि एक

आईच्या मृत्यूचा दाखला घ्यायला राजगुरुनगरला रांगेत उभी होते. पुढं दोघी मायलेकी, लेकीच्या हातात मोबाइल.

“आई, तू माझ्यासाठी काढलेली सगळी स्थळं प्रोग्रॅममध्ये घातली. प्रत्येक मुलगा एक ऑब्जेक्ट.”

“जित्या माणसाला ऑब्जेक्ट म्हनतीस व्हय?”

“त्याची उंची, शेती, नोकरी त्यातच साठवायची. तुझ्या अटी लावून शोधलं, एकच उरला. निरंजन, पिंपळे गुरवचा.”

“मी एक्केचाळीस नावं दिली व्हती. ह्यो त्यात न्हवता.”

“असेल गं.”

“बरं, अजून एक अट लाव. दर शनिवारी तुला गावी आणून सोडनारा पायजे.”

“ही माहिती कुणाचीच भरलेली नाही.”

“मग निरंजनची भर की. दर शनिवारी वेशीवरनंच माघारी फिरतोय. आता चहाला घरी आण.”