सतीश नक्की करतो काय?

चहा घ्या, आणि मुलाचं लग्न जुळवणं म्हणजे काय ते ऐका. तेव्हा पेणमध्ये बँकेतसुद्धा संगणक आला नव्हता. माझा भाचा सतीश मुंबईत संगणकाचंच काम करायचा, आणि ते काय हे समजावता न आल्यानं दोन स्थळं गेली होती. तिसरं रोह्याचं. वाटेत मी त्याला दहादा बजावलं, सोपं सांग.

पोहे यायच्या आधीच मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही नक्की बनवता काय?"

"एक्स्टेन्सिबल टेक्स्ट एडिटर."

झालं! हेही स्थळ गेलं.

"म्हंजे?"

"संगणकावर मजकूर लिहायचं, खोडायचं साधन. त्यात एखादी सोय नसेल तर वापरणाराच ती जोडून घेतो. आम्हाला विचारावं लागत नाही."

"म्हंजे अर्धवट करून विकता?"

मी उठायच्याच बेतात होतो. तेवढ्यात मुलगी, नीता, पोहे ठेवत म्हणाली, "बाबा, आपलं घर अर्धवट हाय काय? चांगले राहतोय की! तरी गच्चीवर सळया बाहेर ठेवल्यात ना तुम्ही, पुढं मजला चढवायला?"

वडील सतीशकडे वळले. "असं सांगायचं ना!"

"मलाही आत्ताच कळलं," सतीश म्हणाला.

नीता हसली नाही. "आणि तुमच्यात काही जोडता येतं, की आहे तसंच घ्यायचं?"



"स्वयंपाक येत नाही, तो जोडून बघा," सतीश म्हणाला.

वडिलांनी आत हाक मारली, "अगो, साखर आण!"