बुशहरच्या वेशीवरचा परवाना

इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यापासून वेशीबाहेर पडायला परवाना लागे. त्या रांगेत माझ्यापुढे म्हातारी खावर सुईण आणि तरणी माहनेसा उभ्या होत्या.

“बाहेर कशाला निघालीस गं?”

“भावाला भेटायला, खाला. बंदूक घेऊन बंडवाल्यांत गेलाय.”

“आणि तुझा नवरा इथे इंग्रजांच्या पहाऱ्यावर! हल्ला झाला तर?”

“म्हणूनच झोप उडालीय.”

“भावाला सांग, येऊ नको म्हणून.”

“ऐकणार आहे होय तो!”

“मग नवऱ्याला नोकरी सोडायला लाव.”

“पोरं काय खातील?”

“मग जाऊन करणार तरी काय?”

“आमचे हे उत्तरेच्या बुरुजावर असतात, एवढंच सांगून येते. भाऊ दक्षिणेकडून येईल.”

रांग पुढे सरकली. खावर मात्र जागची हलली नाही.

“दक्षिणेच्या बुरुजावर माझा जावई असतो, माहनेसा.”