वैनीचा टाक असलेलं घर

माझा जन्म शाहूवाडीच्या डोंगरातला. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं गावात वर्ग न्हवता आणि बापाला हौस न्हवती. लग्न होऊन कोल्हापुरात आले ती भाड्याच्या खोलीत, आणि पुढचा सगळा जन्म भाड्याच्याच खोल्यांत गेला. नवरा गुळाच्या मार्केटात हमाली करायचा, मी खानावळीला भाकऱ्या थापून द्यायची. भाड्याच्या घरात काय त्रास असतो, तर देवाला भिंत नसती. खिळा मारला की घरमालकीण वर आलीच. आमचे देव बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, खोली बदलली की डबा काखेत. नवरा गेला तवापण देव डब्यातच होते. मग मी पोराला म्हटलं, सुरेश, मला काशीबिशी नको, मरायच्या आधी एक भिंत दे.

तुम्ही इचारलंसा, पावणं, घर घ्यायला किती दिस लागत्यात. एजंट सांगतो तेवढे लागत न्हाईत, एवढं ध्यानात ठेवा. सुरेश फौंड्रीत हाय, बँक कर्ज द्यायला तयार झाली, आणि एजंटानं मंगळवार पेठेत एक घर दावलं. दोन खोल्या, वर पोटमाळा, मागं मोरी, भिंती धड. मालक अण्णा, बायको गेलेली, लेकीकडं इचलकरंजीला जायचं म्हणून विकायलेले. दसऱ्याला आम्ही टोकन दिलं. एजंट म्हणाला, दिवाळी झाली की साठेखत, संक्रांतीपतोर खरेदी, घर मोकळं हाय, कसली भानगड न्हाय.

भानगड देव्हाऱ्यात बसलेली होती.

वकिलानं कागद काढलं तर प्रॉपर्टी कार्डावर दोन नावं. एक अण्णांचं, दुसरं सुलाबाईचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोचं. थोरला भाऊ तरणाच गेला, त्याच्या वाटणीला हिचं नाव लागलेलं. वकिलानं इचारलं, ह्या बाई कुठं असतात. अण्णा म्हणाले, वैनी मेल्या. वकील म्हणाला, मग मृत्यूचा दाखला द्या. अण्णा म्हणाले, दाखला न्हाय, टाक हाय.

टाक म्हणजे, तुम्हाला ठावं असंल, चांदीचा बोटभर पत्रा, वर माणसाची आकृती ठोकलेली. घरातलं मेलेलं माणूस तरास द्यायला लागलं की त्याचा टाक करून देवात बसवायचा, म्हणजे ते गप बसतं. ह्या वैनी एका सकाळी भाकरी थापता थापता उठून गेल्या त्या आल्याच न्हाईत. पंचगंगेच्या घाटावर एक चप्पल घावली. नदीनं नेली म्हणून सगळे धरून चालले. मग घरात दूध नासाय लागलं, अण्णांची लेक तापानं फणफणली, देवऋषी म्हणाला बाईला जागा पाहिजे. तेरावं घातलं, गल्ली जेवली, टाक बसवला. दूध नासायचं थांबलं म्हणे. वकील डोळं मिटून ऐकत होता. शेवटाला मला म्हणाला, आजी, टाक कोर्टात चालत न्हाय.

आता बघा, बाई जिवंत असंल तर तिची सही पाहिजे, मेली असंल तर दाखला पाहिजे, आणि ती दोन्हीकडं न्हवती. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा झाला. बँकेनं सुरेशला परत सगळं कागद आणाय लावलं. सून म्हणायला लागली, आत्या, हे घर आपलं न्हवंच, टोकन मागून घ्या. मी न्हाय म्हटलं. मी ती भिंत बघून आले होते.

अण्णांचं गुडघं धरलेलं, म्हणून मी दुपारी जाऊन त्यांचं झाडूनपुसून यायची. खरं सांगायचं तर घर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ ने म्हणून जायची. तिथं एक बघितलं. अण्णा अमावस्येला दोन ताटं वाढायचे. एक आपलं, एक टाकाफुडं. आणि जेवता जेवता बोलायचे, वैनी, घर विकायलोय, तुमची हरकत नसावी. बोलून थांबायचे. असं थांबायचे की मीपण थांबायची, मोरीच्या दारात, हातात खराटा धरून. ताटातला भात तसाच असायचा, पण खोलीत तिसरं कोणतरी जेवतंय असं वाटायचं. मी भुताखेताला भिणारी बाई न्हवं. आमच्या डोंगरात वाघ यायचा. पण त्या घरात मी मोरीकडं पाठ करून कधी बसले न्हाय.

एकदा अण्णा बाहेर गेलते, मी एकटी होते. टाकाफुडं जाऊन सरळ म्हटलं, बाई, मेलीस तर मेलीस, पण कागदानं मर की. माझी म्हातारीची भिंत अडवून का बसलीयास.

वकिलानं पेपरात नोटीस दिली, ह्या मिळकतीवर कुणाचा हक्क असंल त्यानं कळवावं, खाली सगळी नावं. कुणी कळवलं न्हाय. वकील म्हणाला, आता कोर्टात जाऊ, वर्षं जातील. मी त्या दिवशी दुपारी अण्णांकडं भांडी घासत होते आणि दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. तिनं इचारलं, भावजी हायेत काय. मी म्हटलं, तुम्ही कोण. ती म्हणाली, सुला.

काय सांगू तुम्हाला, हातातला तांब्या मी खाली ठेवला, पडला न्हाय, पण ठेवला ते कसं ठेवला आठवत न्हाय.

आजऱ्याला काजूच्या फॅक्टरीत होती इतकी वर्षं. तिथल्या मुकादमानं पेपर वाचला आणि थट्टा केली, आवो मावशी, तुमचं नाव आलंय, तुम्ही वारलासा की काय. अण्णा आतनं आले, तिला बघितलं, आणि देव्हाऱ्याकडं बघितलं. तिच्याकडं न्हाय, देव्हाऱ्याकडं, टाक जागेवर हाय का म्हणून. मग खाली बसले. तिनं टाक हातात घेतला, उलटापालटा केला, म्हणाली, नाक बरं काढलंय.

मी इचारलं, घाटावर चप्पल कशापायी टाकलीसा. ती म्हणाली, चपलेचा अंगठा तुटलता, एक पाय घसटत किती चालणार, म्हणून दोन्ही काढल्या, एक नदीत गेली असंल. अनवाणीच गेले स्टँडावर. कुणी ती चप्पल हातात घेऊन बघितली असती तर तुटकी हाय हे कळलं असतं. कुणी बघितलं न्हवतं. रडायची घाई होती, बघायची न्हवती.

सही द्यायला ती तयार होती, तिचा वाटा घेऊन. घर तिला नको होतं. म्हणाली, ह्या मोरीत मी लई भांडी घासल्यात. मला वाटलं, झालं. पण रजिस्टर ऑफिसात तिचा अंगठा मशीन घेईना. काजूच्या टरफलाचं तेल असतं, चामडी जाळतं, तिच्या बोटांवर रेघाच राहिल्या न्हवत्या, गुळगुळीत, काळी. पुसून लावला, पाणी लावून लावला, मशीन म्हणतंय कुणीच न्हाय. साहेब म्हणाला, ओळखणारं माणूस पाहिजे. पेठेतली दोन म्हातारी माणसं वकिलानं साक्षीला आणली होती, पण ती सुलाबाईच्याच तेराव्याचं जेवलेली. साक्षीदार अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले, की आधी तुम्ही बोला.

अण्णा बोलंनात. मला कळत होतं. व्हय म्हणलं तर ती इतकी वर्षं कुणाच्यातरी टरफलात बोटं जाळत होती आणि हे तिच्या नावानं भात वाढत होते, हे सगळं व्हय म्हणण्यात येत होतं. मागं रांग खोळंबलेली. माझी भिंत त्या एका शब्दावर अडलेली. शेवटाला तीच म्हणाली, भावजी, सांगा की, मी कोण.

अण्णा म्हणाले, आमच्या वैनी.

मग साक्षीदारांनी सह्या केल्या. खरेदी झाली तवा दुसरा दसरा होऊन गेला होता. कार्डावर आमचं नाव लागायला आणिक उन्हाळा गेला.

ताब्याच्या दिवशी अण्णांनी आपले देव पाटीत घेतले आणि टाक तेवढा कोनाड्यात ठेवून निघाले. मी म्हटलं, हा राहिला की. तर म्हणाले, जित्या माणसाचा टाक पुजता येत न्हाय, आणि नदीत सोडला तर वैनीला दुसऱ्यांदा सोडल्यासारखं व्हतंय. ताब्याला सुलाबाईपण आलती, तिला मी म्हटलं, तुमचा तुम्ही न्या. ती पिशवी उचलत म्हणाली, असू दे इथंच. माझ्यापरीस तोच ह्या घरात जास्त राहिलाय. आणि गेली एस्टीनं आजऱ्याला.

आता माझे देव भिंतीवर हायेत. खिळा मी सोता मारला. कोनाड्यात ती. आमच्या देवात बसवता येत न्हाय, बाहेर टाकता येत न्हाय. सून म्हणती, सोनाराला देऊन टाका. तू दे म्हटलं की गप बसती. मी अमावस्येला सुलाबाईला फोन लावते. उचलला की ती म्हणती, हाय मी अजून, आणि ठेवती. तेवढं ऐकलं की मी निवांत जेवते.

गेल्या अमावस्येला रिंग वाजत राहिली. परत लावला, वाजत राहिली. फॅक्टरीचा नंबर माझ्याकडं न्हाय. ताट वाढलं, पण टाकाफुडं ठेवायला हात होईना. घाई करायची न्हाय, हे मी त्या चपलेवरनं शिकले. ताट दाराशी ठेवलं, उंबऱ्याच्या आत. जिती असंल तर दारानं येईल, येऊन जेवंल. मोरीकडं मी अजून पाठ करून बसत न्हाय.

तुम्हालापण घर मिळू दे, पावणं. लवकर मिळू दे. पण टोकन द्यायच्या आधी आत जाऊन देव्हारा बघा, कोणकोण बसलंय ते.