एक वाजता छत्री खाली

रेनी : किती रकाने आहेत त्या कागदावर?

ग्रीअर : नऊ. आणि खाली शेरा.

रेनी : बावीस वर्षांपूर्वी मी तुझी परीक्षा घेतली तेव्हा एकच होता. ‘आवाज मागच्या माणसापर्यंत पोचतो का?’ झालं, की तू गाईड.

ग्रीअर : ऑफिसात आता नवी मंडळी आलीत, मास्तर. सत्तरीपुढच्या प्रत्येक गाईडबरोबर एक दिवस कुणीतरी फिरायचं, असं ठरलंय. मी मुद्दाम तुमचं नाव मागून घेतलं. कुणी परकं येण्यापेक्षा मी बरी.

रेनी : सत्तरीपुढचे किती आहेत?

ग्रीअर : तुम्ही.

रेनी : हं. आणि नापास झालो तर?

ग्रीअर : घरी बसायचं.

रेनी : बायको गेल्यापासून घरी फक्त किटली बोलते. तीसुद्धा मी पाणी ठेवलं तर.

ग्रीअर : आणखी एक सांगते. मला मध्ये बोलायची परवानगी नाही. तुमचं चुकलं तरी सांगायचं नाही, नुसतं लिहायचं.

रेनी : नकोच सांगूस. पण दोनच्या आत मला मोकळं कर. किल्ल्याखालच्या बाजारात तो काळ्या कोंबड्यांवाला येतो, त्याच्याकडून अंडी घ्यायचीत.

ग्रीअर : आज?

रेनी : आजच. संपलीत. चला मंडळी, पुढे या! माझी ही लाल छत्री दिसेल तिथे आपण. हे सेंट जाइल्सचं चर्च, आणि तुमच्या पायाखाली दगड बसवून केलेलं हे हृदय. इथे जुना तुरुंग होता. एडिंबरात जन्मलेला माणूस इथून जाताना थुंकल्याशिवाय पुढे जात नाही. बाई, तुम्ही कुठल्या?

मिसेस मॅकाइव्हर : लुइस बेटावरची. मिसेस मॅकाइव्हर. आमच्याकडे रस्त्यात थुंकत नाहीत. आज तर नाहीच नाही.

रेनी : पाहुण्यांना मुभा आहे.

मिसेस मॅकाइव्हर : मग धरा जरा माझी पर्स.

ग्रीअर : मास्तर, हळूच विचारते. राणी त्या वरच्या खिडकीत बसून हेरिंग मासे खायची आणि काटे दरबाऱ्यांच्या डोक्यावर टाकायची, हे तुम्ही आत्ता सांगितलंत. कुठल्या पुस्तकात आहे हे?

रेनी : तुला मध्ये बोलायची परवानगी नाही ना?

ग्रीअर : हेरिंगचा रकाना नाही, म्हणून विचारलं.

रेनी : तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? राजा-राण्यांबद्दल थाप मारली तर चालते, ते तक्रार घेऊन येत नाहीत. वेळ मात्र खरी सांगायची, कारण लोकांना गाडी गाठायची असते. मंडळी, इकडे! हे दगडाचं हृदय. इथे जुना तुरुंग होता. एडिंबरात जन्मलेला माणूस इथून जाताना...

मिसेस मॅकाइव्हर : मिस्टर रेनी, मघाशी थुंकले की मी. आता तोंडाला कोरड पडलीय.

रेनी : ...हो. ते माहीत आहे. परतीच्या वाटेवर पुन्हा दाखवतो मी. पद्धत आहे तशी.

मिसेस मॅकाइव्हर : पोरी, तू काय लिहितेस?

ग्रीअर : पद्धत.

रेनी : आता या बागेत थांबू. वर किल्ला. एकला दोन मिनिटं कमी आहेत. एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते. बारा वाजता का नाही, विचारा.

मिसेस मॅकाइव्हर : का नाही?

रेनी : बारा बार काढावे लागले असते. आम्ही एकातच भागवतो. आता तुमच्यातले पाहुणे दचकतील, आणि इथला माणूस घड्याळ बघून पुढे चालू लागेल. तेवढ्यावरून ओळखायचं. सगळे माझ्या छत्रीकडे बघा. छत्री खाली, तोफ वर. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. चार... तीन...

ग्रीअर : मास्तर...

रेनी : परवानगी नाही तुला. दोन... एक!

(छत्री खाली येते. कबुतरं चरत राहतात.)

मिसेस मॅकाइव्हर : वाजून दोन मिनिटं झाली.

रेनी : ग्रीअर, तोफ बिघडली का गं?

ग्रीअर : नाही, मास्तर. आज रविवार आहे. रविवारी तोफ उडत नाही.

रेनी : काल बाजार होता?

ग्रीअर : काल होता.

मिसेस मॅकाइव्हर : मी सकाळी दोन तास प्रवचन ऐकून आले. आमच्या बेटावर रविवारी कुणी कामाला हात लावत नाही; गावी असते तर आज दोरीवरचे कपडेसुद्धा काढले नसते.

रेनी : मग बोलला का नाहीत, बाई?

मिसेस मॅकाइव्हर : तुम्ही छत्री अशा ऐटीत धरलीत, मला वाटलं किल्ल्यात सांगून ठेवलं असेल.

ग्रीअर : मंडळी, समोरच्या टपरीत सूप गरम आहे. अर्ध्या तासाने इथेच भेटू. मास्तर, बसा या बाकावर. बसा हो.

रेनी : तुला कधी कळलं?

ग्रीअर : अंड्यांचं बोललात तेव्हा. सांगायला हवं होतं मी. सकाळपासून जीभ चावतेय. हे काही मी लिहिणार नाही.

रेनी : मला भीती वाटली गं. एकतीस वर्षं त्या आवाजाने मी दचकलो नाही. आज तो आला नाही आणि दचकलो.

ग्रीअर : एका वाराचं काय एवढं, कुणाचाही चुकतो.

रेनी : या गावात रविवारी तोफेची वाट बघत कुणी उभा राहत नाही. कुत्रंसुद्धा नाही. लिही तू. वेळ खरी सांगायची म्हटलं ना, वार काय त्याच्या बाहेर आहे?

मिसेस मॅकाइव्हर : सूप मी मागाहून घेईन. लिही पोरी. माणूस स्वतः सांगतोय तेव्हा ऐकावं.

ग्रीअर : दुपारची फेरी मी पुढे करते. तुम्ही बरोबर चला.

रेनी : आता कशाला?

ग्रीअर : हेरिंग मला जमत नाहीत. माझ्या तोंडून खरे वाटत नाहीत ते.

रेनी : तोंडात घास असल्यासारखं सांगावं लागतं. दाखवतो. काय लिहिलंस, वाच.

ग्रीअर : ‘वाराचं भान राहिलं नाही. एकच जागा दोनदा दाखवली. यापुढे एकट्याने फेरी करू नये.’

रेनी : अक्षर सुधारलंय तुझं. आणि शेरा?

ग्रीअर : ‘आवाज मागच्या माणसापर्यंत पोचतो.’

मिसेस मॅकाइव्हर : पोचतो. मागे मीच होते.

रेनी : सही कुठे करायची?

ग्रीअर : इथे. आणि शेजारी तारीख.

रेनी : सही करतो. तारीख तू घाल.